नऊचे तेरा कामगार करावेत का? ईएसआयचा खरा खर्च किती पडतो?

लेथवाला | ३ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत छोटं जॉबवर्कचं युनिट आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी आणि मागच्या शेडमध्ये दोन पॉवर प्रेस. माणसं नऊ. नऊच का, ते जाणकारांनी ओळखलं असेलच :)

आता चाकणच्या एका पार्टीचं काम येऊ घातलंय. घ्यायचं तर दुसरी पाळी सुरू करावी लागेल, चार माणसं वाढतील, म्हणजे दहाचा आकडा ओलांडला आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) आलंच. त्यात २१ नोव्हेंबरपासून नवे लेबर कोड लागू झाले आणि असोसिएशनच्या ग्रुपवर रोज नवा मेसेज, कोणी म्हणतं पगाराची व्याख्या बदलली आता दुप्पट भरा, कोणी म्हणतं काही फरक नाही, कोणी नुसतेच हात जोडलेले पाठवतं.

मला राजकारण नकोय, आकडा हवाय. माणशी महिन्याला किती? आणि चलान सोडून अजून काय काय अंगावर येतं? ज्यांनी दहाचा उंबरठा ओलांडलाय त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

---

खुर्चीतला_पंत

वाचतोय. चहा ठेवलाय.

---

पगारपत्रक

मी लेबर कन्सल्टंट आहे, तेव्हा आधी सरळ आकडा. १ जुलै २०१९ पासून मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५. त्याआधी ४.७५ आणि १.७५ होता, म्हणजे एकूण ६.५ वरून ४ वर आला. पगाराची मर्यादा २१ हजार, ती जानेवारी २०१७ पासून तशीच आहे.

१८ हजारांच्या माणसाला तुमचे ५८५, त्याचे १३५. आणि हे नव्या चौघांपुरतं नाही हं, तेराच्या तेरा जण आत येतात. १३ × ५८५ = ७,६०५ महिना, वर्षाला ९१,२६०. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं, उशीर झाला तर १२ टक्के व्याज.

आणखी एक, एकदा लागू झालं की उद्या माणसं सातवर आली तरी सुटका नाही. त्यामुळे "ऑर्डर संपली की परत नऊ" असं मनात असेल तर ते आत्ताच काढून टाका.

---

इचलकरंजीकर

आमच्याकडं याला सोपा उपाय हाय राव. एक शेड, तीन बोर्ड. बापाचं नाव, मोठ्याचं नाव, सुनेचं नाव. प्रत्येकाकडं आठ माणसं. लाईट मीटर वेगळं, जीएसटी वेगळं, फक्त चहाची किटली एक 😄

---

पगारपत्रक

@इचलकरंजीकर, त्या किटलीवरूनच पकडतात दादा. एकच आवार, एकच सुपरवायझर, माणसं इकडून तिकडे फिरतायत असं दिसलं की तिन्ही एकत्र धरतात आणि मग मागची वर्षं उकरतात. ज्यांचं आधीच दहाच्या वर गेलंय आणि नोंदणी केलेली नाही त्यांच्यासाठी स्प्री म्हणून योजना चालू आहे, १ जुलै २०२५ पासून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. त्यात नोंदणी केली तर मागचं काही मागत नाहीत, मागच्या काळाची तपासणीही नाही. धागाकर्त्याला तिची गरज नाही कारण तो आज खरोखर नऊवर आहे, पण तुमच्या ओळखीत कोणी असेल तर निरोप द्या.

---

इचलकरंजीकर

ओळखीत म्हंजे... बरं. सांगतो त्यांना.

---

कडूगोळी

३.२५ टक्क्यांसाठी एवढी रडारड? तुमच्या मशीनला रोज रात्री कव्हर घालता, ऑइल बदलता, एएमसी भरता. माणसाच्या औषधपाण्याला ५८५ जड?

---

लेथवाला

@कडूगोळी, जड आहे असं मी कुठे म्हटलं, किती आहे ते विचारलं. माझी बिलं ९० दिवसांनी येतात आणि चलान १५ तारखेला जातं, तेवढं जमवायला लागतं हो.

---

सीए_सदाशिव

लेथवाल्यांचा मुद्दा बरोबर आहे आणि त्यात एक खड्डा आहे जो फार लोकांना माहीत नसतो. कामगाराच्या पगारातून कापलेला ०.७५ टक्का तुम्ही एक दिवस जरी उशिरा भरला तरी ती रक्कम इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून मिळत नाही. त्या वर्षी नाही आणि पुढेही नाही. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२२ मध्ये चेकमेट सर्व्हिसेसच्या निकालात हे पक्कं केलं. मालकाच्या हिश्श्याला रिटर्नच्या तारखेपर्यंत सवलत आहे, कामगाराच्या हिश्श्याला नाही, कारण ते पैसे तुमचे नव्हतेच.

उलट बाजूने, तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणीकृत असाल तर मोठ्या पार्टीने ४५ दिवसांत पैसे नाही दिले तर तिला तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, इन्कम टॅक्सचं कलम ४३बी(एच). ते बिलावर ठळक छापा. काही पार्ट्या घाबरतात, काही म्हणतात उद्यम नोंदणी नसलेला सप्लायर शोधतो. दोन्ही पाहिलंय.

---

चकलीकाकू

माझा फराळाचा व्यवसाय आहे, चौदा बायका. ईएसआय सुरू करून बरीच वर्षं झाली तेव्हा चलान सोडून काय लागतं ते मी सांगते.

माझ्याकडची कुणीही बाई साध्या तापासाठी ईएसआयच्या दवाखान्यात जात नाही. का जाईल? तिकडे गेलं की केसपेपरची रांग, मग डॉक्टरची रांग, मग औषधाची रांग, आणि औषध असलं तर असलं. अर्धा दिवस गेला म्हणजे अर्धी रोजी गेली. त्यापेक्षा गल्लीतल्या डॉक्टरकडे जाते, इंजेक्शन घेते आणि येताना माझ्याकडून उचल घेते. ती उचल दिवाळीत कापायची म्हटलं तर माझाच हात थरथरतो. म्हणजे चलानही माझं आणि डॉक्टरही माझाच. याला खर्च म्हणायचा की नाही ते सीए साहेबांनी सांगावं.

पण हे पण लिहिते. आमच्या एकीच्या नवऱ्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, ते पण ईएसआयने पाठवलेल्या प्रायव्हेट हॉस्पिटलात, आणि तिला खिशातून काही भरावं लागत नाही. रेफरची चिठ्ठी मिळवायला तिने काय हेलपाटे घातले ते तिचं तिला ठाऊक, कधी सही करणारे साहेब नाहीत, कधी शिक्का नाही, कधी आधारवर नाव वेगळं. पण चालू झालं. गावाकडची जमीन विकायची ठरली होती ती राहिली. आता नवीन बाई कामावर आली की तीच आधी विचारते, "तुझं कार्ड काढलं का गं काकूंनी?"

---

अनघा_प

काकू, पोस्ट आवडली. साध्या आजाराला निरुपयोगी आणि मोठ्या आजाराला देवासारखं, माझाही अनुभव असाच.

मी पॅथॉलॉजी लॅब चालवते. २०१७ ला बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली. निर्णय उत्तम, मी स्वतः बाई आहे, मला कुणी पटवून द्यायला नको. पण पैसे कोण देतं बघा. माझ्याकडची २० हजारांची टेक्निशियन रजेवर गेली तर २६ आठवड्यांचा पूर्ण पगार ईएसआय देतं, मला शून्य. तिचाच पगार वाढून २३ हजार झाला की ती ईएसआयमधून बाहेर, आणि मग तेच २६ आठवडे पूर्ण माझ्या खिशातून. २३ हजारांनी सहा महिने म्हणजे १ लाख ३८ हजार, वर बदली माणसाचा पगार वेगळा. सरकारने सुधारणा केली, टाळ्या सरकारला, बिल मला.

आणि मग काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. मुलाखतीत "लग्न झालंय का" हा प्रश्न कोणी उघड विचारत नाही, पण नुकतंच लग्न झालेल्या मुलीचा सीव्ही खाली जातो. मी तसं करत नाही. बाजूचे करतात.

---

खुर्चीतला_पंत

म्हणजे २१ हजारांचा पगार हा आडनावापेक्षा महत्त्वाचा झाला.

---

पाळी_नं_३

मी मालक नाही, कामगार आहे, कंत्राटी. तुमचा सगळा हिशोब वाचून मजा वाटली. आमच्या ठेकेदाराने जॉइन होताना सांगितलं सीटीसी २०,०००. हातात पगार आला तेव्हा बघितलं तर ०.७५ पण कापलेला आणि ३.२५ पण कापलेला. विचारलं तर म्हणे सीटीसी म्हणजे कॉस्ट टू कंपनी, त्यात सगळं आलं. म्हणजे मालकाचा हिस्सा पण मीच भरतो. तरी मालक लोक म्हणतात आम्हाला परवडत नाही.

---

पगारपत्रक

@पाळी_नं_३, ठरलेल्या पगारातून मालकाचा हिस्सा कापणं कायद्याने चालत नाही. सीटीसीच्या नावाखाली आधीच मजुरी कमी ठरवतात, तिथे सिद्ध करणं अवघड जातं. तुमच्या पगारपत्रकावर "ग्रॉस" म्हणून काय लिहिलंय ते बघा, आणि त्यातून पुढे दोन कपाती दिसत असतील तर सरळ तक्रार होते. ठेकेदाराने भरलंच नाही तर कंपनीवर येतं, त्यामुळे कंपनीच्या एचआरला लेखी कळवा, तिथून चाक लवकर फिरतं.

लेथवाले, हे तुम्हालाही लागू. सफाईवाला, सिक्युरिटी, हमाल हे ठेकेदाराचे म्हणून सोडू नका. तपासणीला येणारा माणूस हजेरीपुस्तक नंतर उघडतो, आधी लेजर उघडतो. "हमाली", "शेड रंगकाम", "मशीन रिपेअर लेबर" अशा खात्यांवर बोट ठेवतो आणि म्हणतो यातली मजुरी किती, त्यावर भरलं का? रंगाऱ्याच्या बिलात रंग आणि मजुरी वेगळी लिहून घेत जा.

---

एडिसनकर

अमेरिकेतून डोकावतोय. इकडे न्यू जर्सीत माझी छोटी आयटी कन्सल्टिंग कंपनी आहे, त्यामुळे तुमच्या नऊ-दहाच्या गोष्टी वाचून हसू आलं, कारण आमचा आकडा ५०. ओबामाकेअरचा आरोग्य विम्याचा कायदा २०१० चा, पण मालकांवरची सक्ती पुढे ढकलत २०१५ ला शंभर आणि वरच्यांना आणि २०१६ ला ५० ते ९९ वाल्यांना लागली. आठवड्याला ३० तास काम करणारा तो फुल टाइम. मग काय, ४९ वर अडकलेल्या कंपन्या आणि २९ तासांच्या पाळ्या. तुमची किटली तशी आमचं शिफ्टचं वेळापत्रक.

फरक रकमेचा आहे. इथे नोकरीतून मिळणाऱ्या कुटुंबाच्या पॉलिसीचा सरासरी वार्षिक हप्ता २०२५ ला जवळपास २७ हजार डॉलर आहे (कैसर फॅमिली फाउंडेशनचा सर्व्हे), त्यातले साधारण ६,८५० कामगार भरतो आणि बाकी मालक. एका माणसामागे वीस हजार डॉलर! आणि ते पगाराच्या टक्क्यात नाही, ठोक. म्हणजे ४० हजार डॉलरवाल्या रिसेप्शनिस्टला आणि दीड लाखवाल्या आर्किटेक्टला तेवढंच. त्यामुळे कमी पगाराची माणसं ठेवणंच महाग पडतं. तुमचं टक्क्यात आहे हे मला तरी शहाणपणाचं वाटतं.

---

कडूगोळी

मग या परत. ३.२५ टक्के भरा आणि रांगेत उभे राहा.

---

एडिसनकर

रांग इथेही आहे हो, फक्त फोनवर आहे. "युवर कॉल इज इम्पॉर्टंट टू अस."

---

नागपुरी_वडाभात

अवांतर: या सगळ्याची सुरुवात २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत झाली. माझे वडील गिरणीत होते, त्यांच्या तोंडी "इन्शुरन्सचा दवाखाना" हाच शब्द. अन् तेव्हा गिरणी कामगार तिथे खरंच जायचे बाप्पा, कारण गल्लीत दुसरा डॉक्टरच नव्हता. आता डॉक्टर पावलोपावली झाले अन् दवाखाना तिथल्या तिथे राहिला.

---

सीए_सदाशिव

मूळ प्रश्नात नव्या व्याख्येचं विचारलंय ते राहूनच गेलं. पगारपत्रक साहेब?

---

पगारपत्रक

हो, येतो. हे जरा सावकाश वाचा.

जुन्या कायद्यात ईएसआयसाठी पगार म्हणजे जवळपास सगळंच होतं, बेसिक, डीए, एचआरए, बरेचसे भत्ते. नव्या कोडमध्ये पगार म्हणजे बेसिक, डीए आणि रिटेनिंग अलाउन्स. एचआरए, कन्व्हेयन्स, ओव्हरटाइम, कमिशन वगैरे वगळले. पण वगळलेल्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेली तर वरचा भाग परत पगारात धरायचा. पीएफमध्ये ज्यांनी बेसिक मुद्दाम बारीक ठेवला होता त्यांना याचा फटका बसतो, ग्रुपवरचे मेसेज त्याबद्दल आहेत.

ईएसआयमध्ये गंमत उलटी आहे. व्याख्या शब्दशः लावली तर १८ हजार ग्रॉस आणि ९ हजार बेसिकवाल्याचा ईएसआयचा पगार ९ हजार, तुमचा हिस्सा ५८५ वरून २९२.५०. स्वस्त झालं ना? पण ३२ हजार ग्रॉस, १६ हजार बेसिकवाला तुमचा सुपरवायझर, जो काल २१ हजारांच्या बाहेर होता, तो आज १६ हजारांवर आत येतो. त्याचे ५२० तुमचे, १२० त्याचे. त्याला तुम्ही ग्रुप मेडिक्लेम दिला असेल तर तो हप्ताही चालूच. आणि २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला, ग्रुपवरचा १८ टक्के तसाच आहे. तेव्हा आयटीवाले आणि ऑफिसवाले यांना हे जास्त लागणार, वर्कशॉपला कमी. मी सगळ्या क्लायंटना दोन्ही पद्धतीने आकडे काढून ठेवायला सांगतोय.

---

पाळी_नं_३

पगार ९ हजार धरला तर आजारी पडल्यावर ७० टक्के पण ९ हजाराचेच मिळणार ना?

---

पगारपत्रक

बरोबर. चलान कमी तसा आजारपणाचा भत्ताही कमी. औषधोपचार मात्र तोच. हा प्रश्न कुठल्याच मालकाने अजून विचारला नव्हता.

---

प्रेसशॉप_तळेगाव

लेथवाले, तुमच्या मागच्या शेडमध्ये दोन पॉवर प्रेस आहेत हे वाचून लिहितोय, बाकी चर्चा बाजूला ठेवा.

आमच्या शेजारच्या युनिटमध्ये मुलगा होता, बिहारचा, विशीतला. प्रेसला दोन हातांची बटणं होती, म्हणजे दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय रॅम (प्रेसचा वरून दाबणारा भाग) खाली येत नाही. प्रॉडक्शन वाढवायला एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं. एका हाताने पीस टाकायचा, दुसऱ्याने बटण. दोन बोटं गेली. ईएसआय नव्हतं. हॉस्पिटलचं बिल मालकाने भरलं, मग १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याखाली दावा, वकील, तारखा. मुलगा मधल्या काळात गावाला, तारखेला येऊ शकत नाही. मालक माणूस वाईट नव्हता, पण तारखांना फिरून कंटाळला आणि शेवटी शेड भाड्याने दिली.

ईएसआय असतं तर उपचार तिकडून, बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के तिकडून, आणि कायमचं अपंगत्व ठरलं की मेडिकल बोर्ड जी टक्केवारी ठरवेल त्याप्रमाणे आयुष्यभर दरमहा पैसे. आणि मालकावर १९२३ च्या कायद्याचा दावाच होत नाही. ५८५ मध्ये हे पण आहे. माझ्या मते मुख्य हेच आहे, ताप-खोकला नव्हे.

अट एकच, माणूस कामावर लागला त्याच दिवशी त्याचं नाव चढवा. लोक काय करतात, "टिकतो का बघू" म्हणून महिनाभर थांबतात. अपघात काही टिकायची वाट बघत नाही. दुपारी बोट गेलं आणि संध्याकाळी आयपी नंबर (विमाधारकाचा नंबर) काढला, असं केलं की चौकशी लागते आणि लागायलाच पाहिजे.

---

अनघा_प

+१. आणि ते बटण आधी सोडवा प्लीज.

---

लेथवाला

बटणं दोन्ही चालू आहेत, आज परत जाऊन पाहिली. पट्टी नाही.

सगळ्यांचे आभार, इतकं उपयोगी काही ग्रुपवर कधी मिळालं नाही. पगारपत्रक, दहा झाले की ग्रॅच्युइटी पण लागते ना? ती कोणी बोललंच नाही.

---

पगारपत्रक

वाटच बघत होतो कोण विचारतंय :) लागते. वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, म्हणजे १५ भागिले २६, म्हणजे महिन्याच्या पगाराच्या ४.८१ टक्के बाजूला पडायला हवेत. १८ हजारांवर धरलं तर माणशी वर्षाला १०,३८५, महिन्याला ८६५. म्हणजे ज्या ईएसआयला सगळे घाबरतात त्याच्या दीडपट ही आहे, पण चलान नसल्याने कुणाला दिसत नाही. पाच वर्षांनी माणूस सोडून गेला की एकदम दिसते. आणि नव्या कोडमध्ये मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षातच. पीएफ वीस माणसांवर, त्याला अजून अवकाश आहे.

---

लेथवाला

मग बसून हिशोब केला. ५८५ अधिक ८६५ म्हणजे १,४५०, गुणिले १३, म्हणजे १८,८५० महिना. दोन पाळ्यांत महिन्याला साधारण ९० हजार पीस निघतील. पीसमागे २१ पैसे.

खरं सांगू, मी दोन वर्षं नऊवर अडकून बसलो ते या २१ पैशांसाठी नव्हे, तपासणीच्या धास्तीने. आणि त्या काळात दोन कामं सोडली, त्यांचा हिशोब लावला तर २१ पैशांच्या कितीतरी वर जातो.

---

कडूगोळी

मग घ्या की रेटमध्ये. २१ पैसे मागायला काय लाज.

---

लेथवाला

मागितले ना. पर्चेसवाला म्हणाला, "तुमच्या ईएसआयशी आमचा काय संबंध?" मग त्यांच्याच सप्लायर ऑडिटचा फॉर्म दाखवला, त्यात सहाव्या ओळीत ईएसआय चलानची कॉपी मागितलीय. १२ पैशांवर आलाय. उरलेल्या नऊसाठी सोमवारी परत जातोय.

---

सीए_सदाशिव

बिलावर ४५ दिवसांचं छापलंत का?

---

लेथवाला

आधी नऊ पैसे घेऊ द्या हो.

---

चकलीकाकू

तेरा जणांचे कागद आत्तापासून गोळा करा बरं का. आधारवरचं नाव, बँकेतलं नाव आणि घरच्यांचे फोटो. आईवडील गावाला असतील तर त्यांचीही नावं त्याच वेळी घाला, नंतर घालायला फार नाचवतात. माझ्याकडे एकीच्या सासूचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे आहे, तिचं कार्ड अजून लटकलंय.

---

इचलकरंजीकर

पगारपत्रक साहेब, विपूत (विचारपूशीत) नंबर टाका की. ते ओळखीतले आहेत ना, त्यांना पाहिजे होता. तिघं आहेत.